डोरेमॉनला जपानीत आवाज देणाऱ्या नोबुयो ओयामा एकाच भूमिकेत अडकून पडल्या का?

तुम्ही विचारलंय की नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या अभिनेत्रीनं आयुष्यातली 26 वर्षं एका निळ्या यंत्रमांजराला आवाज देण्यात घालवली, मग तिच्यातली नटी वाया गेली असं म्हणायचं का? माझं उत्तर ठाम 'नाही' असं आहे. मी स्वतः नाटकातून डबिंगकडे आले आणि ओयामाबाईंचं काम गेली कित्येक वर्षं कान देऊन ऐकत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वयाचा हिशेब बघा. ओयामाबाईंचा जन्म 16 ऑक्टोबर 1933 चा, टोकियोचा. जपानच्या टीव्ही असाही वाहिनीवर डोरेमॉन सुरू झाला 2 एप्रिल 1979 ला, म्हणजे तेव्हा त्या 45 वर्षांच्या होत्या. व्यावसायिक काम त्यांनी 1957 मध्ये सुरू केलं होतं. डोरेमॉनच्या आधीच त्यांच्या गाठीशी 22 वर्षांचं काम होतं. आपण बहुतेकांनी डोरेमॉन हिंदीत ऐकला, त्यामुळे हा आधीचा काळ आपल्यापर्यंत पोचलाच नाही.

त्यांचा आवाज लहानपणापासून वेगळा होता, मुलीच्या मानानं जाड आणि थोडा घोगरा. शाळेत मुलं हसायची, आणि एका टप्प्यावर त्यांनी वर्गात बोलणंच बंद केलं. त्यांच्या आईनं काय सल्ला दिला हे त्या पुढे अनेकदा सांगत: कमकुवत भाग जपून ठेवलास तर तो आणखी कमकुवत होईल, आवाज वापर. मग त्या शाळेच्या ध्वनिक्षेपण मंडळात गेल्या आणि माइकसमोर बोलायला लागल्या. हे वाचल्यावर मला त्या आईबद्दल फार आदर वाटला. 'तुझा आवाज छान आहे' असं खोटं समाधान तिनं दिलं नाही. करण्यासारखं काम सांगितलं.

पुढे त्या हाईयुझाच्या प्रशिक्षणशाळेत दाखल झाल्या. हाईयुझा ही 1944 मध्ये उभी राहिलेली आधुनिक जपानी रंगभूमीवरची मातब्बर नाट्यसंस्था. तात्सुया नाकादाईंसारखा नट याच शाळेतून आला. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना रंगमंच हवा असायचा, पण नाटकावर घर चालणं तेव्हाही अवघड होतं. आणि नेमक्या त्याच वर्षांत एक नवं काम दारात येऊन उभं राहिलं.

जपानमध्ये टीव्हीचं नियमित प्रसारण फेब्रुवारी 1953 मध्ये सुरू झालं. मोठ्या चित्रपट कंपन्या टीव्हीला प्रतिस्पर्धी मानत आणि आपले करारबद्ध नट तिकडे पाठवायला राजी नसत. वाहिन्यांना कार्यक्रम तर हवे होते. मग अमेरिकेतल्या मालिका आणून त्या जपानीत बोलवायचं ठरलं. आता बोलणार कोण? ज्यांचे उच्चार स्वच्छ आहेत, ज्यांना श्वास सांभाळता येतो आणि ज्यांना कामाची गरज आहे, अशी माणसं नाटकवाल्यांत होती. सुरुवातीला तर हे डबिंग थेट प्रसारणात व्हायचं, चूक झाली तर झाली. अशा वेळी लहान मुलाच्या भूमिकेसाठी खरोखरचं लहान मूल माइकसमोर उभं करणं धोक्याचं होतं, म्हणून मुलग्यांचे आवाज बायकांकडे आले. जपानी ॲनिमेशनमध्ये आजही मुलग्यांचे आवाज बहुधा अभिनेत्री देतात, त्यात त्या काळाचा मोठा हात आहे.

ओयामाबाईंचं पहिलं काम 'लॅसी' या अमेरिकन मालिकेच्या जपानी आवृत्तीतलं. मग 1960 पासून एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर तीन डुकरांच्या गोष्टीवरचा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो 1967 पर्यंत चालला. त्यात सगळ्यात मोठं, सतत कुरकुर करणारं डुक्कर म्हणजे ओयामाबाई. सगळ्यात धाकट्या, कष्टाळू डुकराचा आवाज कोणाचा होता माहीत आहे? तेत्सुको कुरोयानागी यांचा. आपल्याकडे ज्यांचं 'तोत्तोचान' घराघरांत वाचलं गेलं, त्याच या. दोघी एकाच वर्षी जन्मलेल्या, आणि दोघींचा पाया टीव्हीच्या त्या पहिल्या पिढीत घातला गेला. हा कार्यक्रम डोरेमॉनच्या कितीतरी आधीचा आहे.

त्यानंतर मुलग्यांच्या भूमिकांची रांगच लागली. 1966 मध्ये एका शालेय मालिकेतला भांडकुदळ, खेळाडू कुनिमात्सू. 1969 मध्ये 'साझाए-सान' ही घरगुती गोष्टींची ॲनिमेशन मालिका सुरू झाली तेव्हा पहिले काही महिने नायिकेचा धाकटा भाऊ कात्सुओ त्यांचाच होता. ती मालिका आजही चालू आहे. 1970 मध्ये नोराकुरो हा सैन्यातला कुत्रा. सगळी पात्रं वांड, तोंडाळ, धसमुसळी. या आवाजाला निर्माते कोणत्या कप्प्यात टाकत होते ते स्पष्ट दिसतं.

मग 1977 मध्ये 'झॅम्बॉट 3' आलं. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो. वरवर पाहता मुलांसाठीची यंत्रमानवांची मारामारी, पण त्यातली युद्धाची किंमत इतकी निर्दयपणे दाखवली आहे की मोठ्या माणसालाही जड जावं. नायक काप्पेई हा शाळकरी मुलगा, आणि आवाज ओयामाबाईंचा. सुरुवातीला तो मस्तीखोर आहे, बढाईखोर आहे. भाग पुढे सरकतात तसा त्याच आवाजातला तोरा झिजत जातो. पट्टी तीच, घोगरेपणा तोच, पण वाक्याच्या शेवटी श्वास उरत नाही. हे तालमीत कमावलेलं काम आहे. नाटकात आम्हाला शिकवतात की दुःख शब्दावर दाबून आणायचं नसतं, ते श्वासाच्या जागेत आणायचं असतं. काप्पेईत ते ऐकू येतं. 'रंगभूमीचं शिक्षण वाया गेलं का' याचं उत्तर मला विचाराल तर मी इथेच बोट ठेवीन.

आता डोरेमॉन. बऱ्याच जणांना माहीत नसतं की 1979 च्या आधी एक डोरेमॉन येऊन गेला होता, 1973 मध्ये, निप्पॉन टीव्हीवर. त्यात आधी कोसेई तोमिता या पुरुष अभिनेत्याचा आवाज होता, मग मासाको नोझावा यांचा, ज्या पुढे ड्रॅगन बॉलमधला गोकू म्हणून जगभर ऐकल्या गेल्या. ती मालिका लवकर आटोपली. म्हणजे डोरेमॉनचा आवाज कसा असावा हे ठरलेलं नव्हतं. ओयामाबाईंकडे भूमिका आली तेव्हा त्यांच्या हातात वांड मुलाचा साचा तयार होता. तोच वापरला असता तर कोणी तक्रार केली नसती.

त्यांनी मूळ चित्रकथा वाचल्या आणि वेगळा विचार केला. हा यंत्रमानव भविष्यातून एका मुलाची काळजी घ्यायला पाठवलेला आहे. सांभाळणाऱ्याच्या तोंडी शिवीगाळ कशी असेल? तो समोरच्याशी नीट, अदबीनं बोलेल, पहिल्या भेटीत आपलं नाव सांगेल. संहितेत उर्मट शब्द आला की त्या तो बदलून घेत, कारण मुलं ऐकतात तसंच बोलतात याची त्यांना जाणीव होती. मूळ लेखक-चित्रकार फुजिको एफ. फुजिओ यांनी ते ऐकून, डोरेमॉनचा आवाज असा आहे होय, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, ही आठवण त्या आनंदानं सांगायच्या. ज्यानं पात्र जन्माला घातलं त्यालाच त्याचा आवाज नटीकडून कळावा, यापेक्षा मोठी पावती कोणती?

इथे मला तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीतकाशी भांडायचंय. आवाज देणं म्हणजे गळ्याची करामत, असं आपण धरून चालतो. विचित्र आवाज काढणारे पुष्कळ असतात, आणि ते काही दिवसांत कानाला नकोसे होतात. डोरेमॉन रोज ऐकावासा वाटला, कारण त्याला स्वभाव होता, रीत होती, रागावण्याची स्वतःची पद्धत होती. नोबिता रडत आला की आधी वैताग, मग सुस्कारा, मग खिशात हात. हा क्रम आवाजात ठरवावा लागतो, आणि तो ठरवणं म्हणजेच भूमिका बसवणं.

कामाचा रेटाही लक्षात घ्या. सुरुवातीची काही वर्षं ही मालिका दहा-दहा मिनिटांच्या भागांत आठवडाभर रोज लागायची. 1980 पासून दरवर्षी एक चित्रपट, 2004 पर्यंत एकूण 25. टीव्हीचे भाग सतराशेच्या वर गेले. आणि हे सगळं ध्वनिमुद्रण जपानी पद्धतीनं, म्हणजे सगळे कलाकार एका खोलीत. तीन-चार माइक, समोर चित्र, हातात संहिता. आपली वेळ आली की पुढे सरायचं, बोलायचं, मागे यायचं. पान उलटल्याचा आवाज होता कामा नये, चपलेचा होता कामा नये. आमच्याकडे डबिंगला बहुतेकदा एकटीनं बूथमध्ये उभं राहून आपली वाक्यं भरायची असतात, समोरच्याचं वाक्य हेडफोनमधून येतं किंवा येतच नाही. त्या पाच जणांनी मात्र 26 वर्षं एकमेकांच्या डोळ्यांत बघून संवाद घेतले: ओयामाबाई, नोबिता झालेल्या नोरिको ओहारा, शिझुका झालेल्या मिचिको नोमुरा, जियान झालेले काझुया तातेकाबे आणि सुनियो झालेले कानेता किमोत्सुकी. हे मला एखाद्या जुन्या नाटक मंडळीसारखं वाटतं. नोबिताच्या रडण्यावर डोरेमॉनचं जे उत्तर येतं ते इतकं अचूक वेळेला येतं, याचं कारण ओहाराबाई खरोखर शेजारी उभ्या असायच्या.

आवाज या काळात बदलला, आणि बदलणारच. साधारण पन्नाशीनंतर संप्रेरकं घटतात तशा बायकांच्या स्वरतंतूंना जाडी येते आणि आवाजाची पट्टी खाली जाते. 1979 चा डोरेमॉन ऐका: उंच, चटपटीत, थोडा उतावळा. 1990 च्या दशकातला डोरेमॉन सावकाश आहे, खालच्या सुरात आहे, समजूत घालणारा आहे. उंच पट्टी ताणत बसण्यापेक्षा त्यांनी पात्रालाच थोडं वय दिलं, असं माझं मत आहे. या निवडीसाठी धैर्य लागतं. गळा ओढून ओढून आवाज गमावलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत.

1996 मध्ये फुजिको एफ. फुजिओ गेले. 2001 मध्ये ओयामाबाईंवर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, त्या बऱ्या होऊन पुन्हा माइकसमोर आल्या. मार्च 2005 मध्ये पाचही जणांनी एकाच वेळी भूमिका सोडल्या. ओयामाबाई तेव्हा 71 वर्षांच्या होत्या. एप्रिलपासून वासाबी मिझुता डोरेमॉन झाल्या आणि त्याही आता दोन दशकं ओलांडून गेल्या आहेत. त्यांचा डोरेमॉन वेगळा आहे, लहान मुलाच्या जवळचा. नक्कल न करता स्वतःचा आवाज शोधला याबद्दल मला त्यांचंही कौतुक आहे.

इथे गोष्ट संपली असती तर तुमच्या प्रश्नाला थोडी तरी जागा उरली असती. पण 2008 मध्ये मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अडथळा येऊन ओयामाबाई रुग्णालयात होत्या, आणि 2010 मध्ये, वयाच्या 77 व्या वर्षी, 'डांगानरोन्पा' या व्हिडिओ गेममध्ये त्या मोनोकुमा झाल्या. अर्धं काळं, अर्धं पांढरं अस्वल, जे शाळेतल्या मुलांना एकमेकांचे खून करायला लावतं आणि वर हसतं. आवाज ओळखीचा, तोच. ज्या आवाजानं एका अख्ख्या पिढीला संध्याकाळी धीर दिला, तोच आवाज आता गोड बोलून मुलांना मारायला सांगतोय. ऐकताना अंगावर काटा येतो. ज्या बाईंनी डोरेमॉनच्या तोंडून एक उर्मट शब्द येऊ दिला नाही, त्यांनी मोनोकुमाचा क्रूरपणा कुठेही सौम्य केला नाही, कारण या पात्राची मागणीच ती होती. एका भूमिकेत अडकलेली नटी हे करू शकत नाही. आपल्याच सर्वांत प्रसिद्ध भूमिकेची सावली हत्यार म्हणून वापरणं ही फार वरच्या दर्जाची समज आहे.

2012 मध्ये त्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. 2015 मध्ये पती, अभिनेते केइसुके सागावा यांनी ते जाहीरपणे सांगितलं, आणि त्यांची काळजी घेतानाचे अनुभव पुस्तकात लिहिले. आजारी जोडीदाराबद्दल असं उघड बोलणं सोपं नाही, आणि त्या आजाराशी झुंजणाऱ्या पुष्कळ घरांना त्याचा आधार झाला असेल असं मला वाटतं. सागावा 2017 मध्ये गेले. 2024 च्या जुलैत नोरिको ओहारा गेल्या आणि 29 सप्टेंबरला ओयामाबाई, 90 वर्षांच्या होऊन.

तुम्हाला स्वतः ऐकून ठरवायचं असेल तर जपानी आवाजातच ऐका, भाषा कळली नाही तरी चालेल. आधी 1980 चा डायनोसॉरचा चित्रपट, त्यानंतर लगेच 2004 चा, म्हणजे एकाच पात्राचं वय कसं वाढलं ते कळेल. मग मोनोकुमाचे पहिल्या गेममधले प्रवेश. 'झॅम्बॉट 3' शेवटी ठेवा. त्याचे 23 भाग आहेत आणि ते क्रमानंच पाहा, कारण काप्पेईच्या आवाजात काय बदललं हे पहिला भाग कानात असल्याशिवाय समजत नाही.