वाचकांचे प्रश्न : डेटाबेस सर्व्हरचे संदेश वेब अ‍ॅपच्या कोडमध्ये कसे मिळवायचे?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या व्याज आकारणीची स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवून ठेवलेला आदेशांचा संच) एसक्यूएल सर्व्हरवर आहे आणि तिच्यात जागोजागी 'प्रिंट' लिहिलेलं आहे. मॅनेजमेंट स्टुडिओत (एसक्यूएल सर्व्हर हाताळायच्या प्रोग्राममध्ये) चालवली की मेसेजेसच्या टॅबमध्ये सगळा मजकूर दिसतो. तीच प्रोसिजर सी शार्पमधल्या वेब अ‍ॅपमधून चालवली की त्यातलं काहीच हाती लागत नाही. (सांगली)

उत्तर : प्रिंटचा मजकूर निकालाच्या ओळींमध्ये येत नाही. तो कनेक्शन तेच वापरतो, पण माहितीपर संदेश म्हणून वेगळा येतो आणि कोणी ऐकणारं नसेल तर गुपचूप टाकून दिला जातो. मॅनेजमेंट स्टुडिओ ऐकत असतो, तुमचा कोड ऐकत नाही, एवढाच फरक आहे.

ऐकण्यासाठी 'एसक्यूएल-कनेक्शन' या ऑब्जेक्टवर 'इन्फोमेसेज' नावाचा इव्हेंट आहे. कनेक्शनचा ऑब्जेक्ट तयार केला की लगेच, कमांड चालवण्याच्या आधी, त्याला तुमचं हँडलर, म्हणजे इव्हेंट घडला की चालणारं फंक्शन, जोडा. हँडलरला मिळणाऱ्या आर्ग्युमेंटमध्ये 'मेसेज' असतो आणि 'एरर्स' नावाचा संग्रहही असतो. नुसत्या मेसेजवर भागवू नका, संग्रहातला एकेक घटक वाचा. त्यात संदेशाचा नंबर, त्याची तीव्रता सांगणारा 'क्लास', प्रोसिजरचं नाव आणि ओळ क्रमांक हे सगळं मिळतं. प्रिंटचा संदेश नंबर ० आणि क्लास ० असा येतो. मधे कुठे 'यूज' लिहून डेटाबेस बदलला असेल तर नंबर ५७०१ चा संदेशही दिसेल, तो गाळून टाका.

एवढं करूनही हात रिकामाच राहिला, तर आधी रीडर, म्हणजे निकालाच्या ओळी वाचणारा ऑब्जेक्ट, तपासा. प्रोसिजरमध्ये तीन सिलेक्ट असतील आणि तुम्ही पहिल्याच निकालाच्या ओळी वाचून थांबला असाल, तर पुढचे संदेश अजून कनेक्शनवरच पडून आहेत. पुढच्या निकालाकडे नेणारं 'नेक्स्ट-रिझल्ट' 'फॉल्स' हे उत्तर देईपर्यंत फिरत राहा. पहिल्या निकालानंतर आलेली चूकसुद्धा तोवर तुमच्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे संदेश नको असले तरी ही सवय लावून घ्या.

तुम्ही एंटिटी फ्रेमवर्क कोअर (सी शार्पमधून डेटाबेस हाताळायची लायब्ररी) वापरत असाल तर हँडलर त्याच्याच कनेक्शनला जोडायला हवं. कॉन्टेक्स्टच्या 'डेटाबेस'वर 'गेट-डीबी-कनेक्शन' म्हणा आणि त्याचं एसक्यूएल-कनेक्शनमध्ये रूपांतर करा. इथे एक फसवी गोष्ट आहे. या नावाचे क्लास दोन आहेत, एक जुन्या 'सिस्टिम डॉट डेटा'मधला आणि दुसरा नव्या 'मायक्रोसॉफ्ट डॉट डेटा'मधला. फाइलच्या माथ्यावर कुठला क्लास घ्यायचा ते सांगणारी 'यूजिंग'ची ओळ चुकीची असली की रूपांतर फसतं, आणि 'अ‍ॅज' वापरून केलं असेल तर हातात नल येऊन इव्हेंट जोडलाच जात नाही.

संदेश साठवायची यादी त्या रिक्वेस्टपुरतीच ठेवा. स्टॅटिक यादी केलीत तर एका शाखेतल्या कारकुनाचे संदेश दुसऱ्या शाखेच्या पडद्यावर झळकतील. आणि 'अमुक ओळी बदलल्या' हे वाक्य इन्फोमेसेजमध्ये शोधू नका. ते मॅनेजमेंट स्टुडिओ स्वतः तयार करतो. तो आकडा हवा असेल तर कमांडवरचा 'स्टेटमेंट-कम्प्लीटेड' इव्हेंट पाहा. प्रोसिजरमध्ये 'सेट नोकाउंट ऑन' असेल तर तोही येणार नाही.

प्रश्न : वरचं सगळं जमलं, संदेश येतात. पण प्रोसिजर सात-आठ मिनिटं चालते आणि संदेश शेवटी एकगठ्ठा पडतात. 'इतकी खाती झाली' असं चालू असतानाच दाखवायचं आहे. (कोल्हापूर)

उत्तर : प्रिंटचा मजकूर सर्व्हर आधी बफरमध्ये साठवतो आणि बफर भरला किंवा बॅच (एका वेळी पाठवलेले सगळे आदेश) संपली की पाठवतो. प्रिंटला 'लगेच पाठव' असं सांगायची सोयच नाही. त्याऐवजी 'रेझएरर' हा आदेश वापरा (जोडून लिहायचं, मधे ई एकच). तीव्रता ०, स्टेट १ आणि शेवटी 'विथ नोवेट'. ० ते १० तीव्रतेचा रेझएरर हा नुसता संदेश असतो. तो चूक ठरत नाही आणि प्रोसिजरमधल्या ट्राय-कॅचमध्येही अडकत नाही. ११ पासून पुढे खरी चूक सुरू होते. चूक उठवणारा दुसरा आदेश 'थ्रो' या कामाचा नाही, कारण त्याची तीव्रता कायम १६ असते.

रेझएररच्या मजकुरात टक्क्याचं चिन्ह हवं असेल तर ते दोनदा लिहा. एकदाच लिहिलंत तर '५०% पूर्ण' हा साधा मजकूरही २७८७ क्रमांकाची चूक देतो. मजकुरात आकडा किंवा शब्द भरायच्या जागा दाखवायला टक्का-डी आणि टक्का-एस आहेत, पण तिथे थेट हिशेब किंवा फंक्शन चालत नाही, किंमत आधी व्हेरिएबलमध्ये घ्यावी लागते. तारखेचा प्रकारही चालत नाही, तिला मजकुरात बदलून द्या. संदेश २,०४७ अक्षरांत बसवा, पुढचा भाग कापला जातो.

सर्व्हरने लगेच पाठवलं तरी दुसऱ्या टोकाला तुमचा कोड बॅच संपेपर्यंत थांबू शकतो. त्यासाठी कनेक्शनवर 'फायर-इन्फोमेसेज-इव्हेंट-ऑन-यूजर-एरर्स' ही प्रॉपर्टी 'ट्रू' करावी लागते. मग इव्हेंट तिथल्या तिथे उठतात.

ही प्रॉपर्टी लावताना मात्र पूर्ण जागं राहा. ती 'ट्रू' केली की ११ ते १६ तीव्रतेच्या चुकाही एक्सेप्शन (कोड तिथेच थांबवणारी चूक) म्हणून येत नाहीत, त्याही तुमच्या हँडलरमध्ये संदेश बनून येतात. म्हणजे खाते क्रमांक १०४ ला प्रायमरी कीची चूक आली तरी 'एक्झिक्यूट-नॉन-क्वेरी' शांतपणे परत येतं, पुढची ओळ कमिटची (बदल पक्के करण्याची) असते, आणि अर्धवट आकारणी कायमची नोंदली जाते. हँडलरमध्येच एक्सेप्शन फेकून हे थांबवता येत नाही, कारण इव्हेंट उठवणारा ड्रायव्हर तुमचं एक्सेप्शन गिळून टाकतो. हँडलरमध्ये क्लास १० पेक्षा मोठा आहे का पाहा, असेल तर ती चूक वेगळ्या यादीत ठेवा, आणि कमांड परत आल्यावर, कमिटच्या आधी, ती यादी रिकामी आहे का तपासा. रिकामी नसेल तर रोलबॅक करा (बदल मागे घ्या) आणि तिथे स्वतः एक्सेप्शन फेका. हे तपासणं कोडमध्ये बसवल्याशिवाय ती प्रॉपर्टी लावूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कमांडची डीफॉल्ट मुदत ३० सेकंदांची आहे आणि मधे संदेश येत राहिले म्हणून ती नव्याने मोजली जात नाही. 'कमांड-टाइमआउट' मुद्दाम वाढवा. संदेश वेब सर्व्हरपर्यंत आले तरी ब्राउझरपर्यंत नेणं हे निराळं काम आहे, त्यासाठी सर्व्हरकडून ब्राउझरला निरोप ढकलणारं सिग्नल-आर किंवा सर्व्हर-सेंट इव्हेंट्स वापरा. खरं तर सात-आठ मिनिटांचं काम वेब रिक्वेस्टमध्ये चालवूच नये. ते पार्श्वभूमीच्या सर्व्हिसकडे द्या आणि संदेश तिथून पाठवा.

प्रश्न : प्रिंटमध्ये मराठी मजकूर लिहिला की पानावर नुसती प्रश्नचिन्हं येतात. एचटीएमएलमध्ये यूटीएफ-८ दिलेलं आहे. (लातूर)

उत्तर : पानाचा दोष नाही. मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी मोठं एन लावलेलं नाही. ते नसलं की सर्व्हर मजकूर डेटाबेसच्या कोड पेजमध्ये (ठरावीक अक्षरांच्या तक्त्यात) बसवायला जातो, तिथे देवनागरी नसते आणि अक्षरं तिथेच कायमची हरवतात. रेझएररलाही हेच लागू. व्हेरिएबल असेल तर ते एनव्हारचार (युनिकोड मजकूर) प्रकारचं हवं. एनमुळे प्रिंटची मर्यादा ८,००० अक्षरांवरून ४,००० वर येते, लांब मजकूर तुकड्यांत छापा.

प्रश्न : आम्ही जँगो आणि पोस्टग्रेएसक्यूएल वापरतो. फंक्शनमधल्या 'रेझ नोटिस'चा मजकूर पायथनमध्ये कसा घ्यायचा? (पणजी)

उत्तर : पायथनला पोस्टग्रेएसक्यूएलशी जोडणारा ड्रायव्हर सायकोपीजी २ असेल तर त्याच्या कनेक्शनवर 'नोटिसेस' नावाची यादी असते. जँगोचं कनेक्शन हे त्यावरचं आवरण आहे, म्हणून 'कनेक्शन डॉट कनेक्शन डॉट नोटिसेस' असं दोनदा लिहावं लागतं. यादीत शेवटचे ५० संदेशच राहतात, तेव्हा लूपमध्ये नोटिस असेल तर सुरुवातीचे जातात. क्वेरीच्या आधी यादी रिकामी करा, नाहीतर त्याच कनेक्शनवरचे जुने संदेश नव्या रिक्वेस्टला चिकटतील. सायकोपीजी ३ मध्ये ही यादी नाही, तिथे 'अ‍ॅड-नोटिस-हँडलर' वापरून फंक्शन जोडायचं.

काहीच येत नसेल तर 'क्लायंट-मिन-मेसेजेस' या सेटिंगची किंमत बघा. डीफॉल्ट 'नोटिस' असते, पण कोणी ती 'वॉर्निंग' करून ठेवली असेल तर नोटिस सर्व्हरवरून निघतच नाही. 'रेझ इन्फो' मात्र ही किंमत काहीही असली तरी येतं. प्रगती दाखवायला पोस्टग्रेएसक्यूएलचा 'नोटिफाय' हा आदेश वापरण्याचा मोह टाळा, त्याचा निरोप ट्रान्झॅक्शन कमिट झाल्यावरच पोचतो.

प्रश्न : पीएचपी आणि मायएसक्यूएल. 'इन्सर्ट इग्नोर'ने ५०० ओळी टाकल्या, ४८० गेल्या. उरलेल्या का गेल्या नाहीत हे कोडमध्ये कसं कळेल? (नागपूर)

उत्तर : 'इग्नोर'मुळे चुकांचे इशारे होतात. इन्सर्टच्या लगेच नंतर, त्याच कनेक्शनवर, 'शो वॉर्निंग्ज' ही क्वेरी चालवा. प्रत्येक ओळीत पातळी, कोड आणि मजकूर मिळेल. कोड १०६२ असेल तर ती की आधीच टेबलात आहे. मधे दुसरी कुठलीही क्वेरी केलीत, अगदी साधा सिलेक्टसुद्धा, तर इशाऱ्यांची यादी बदलून जाते. मायएसक्यूएलआय एक्स्टेन्शनमध्ये 'वॉर्निंग-काउंट' आधी पाहा आणि शून्य असेल तर पुढचा फेरा वाचवा.

यादीत किती इशारे राहतात ते 'मॅक्स-एरर-काउंट' या सेटिंगवर ठरतं. मायएसक्यूएल ८ मध्ये ही संख्या १,०२४ आहे, ५.७ मध्ये ६४ होती. वॉर्निंग-काउंट मात्र पूर्ण आकडा सांगतं, म्हणून दोन आकडे जुळले नाहीत तर यादी कापली गेली असं समजा. इन्सर्ट प्रोसिजरच्या आत असेल तर 'कॉल'नंतर येणारे सगळे निकाल आधी वाचून संपवा, नाहीतर शो वॉर्निंग्जला २०१४ क्रमांकाची 'कमांड्स आउट ऑफ सिंक' ही चूक मिळते.

प्रश्न : संदेशाच्या मजकुरात 'यशस्वी' शब्द आला तर पुढचं पान उघडायचं, असं केलं तर चालेल का? (ठाणे)

उत्तर : नको. कोणीतरी प्रोसिजरमधलं एक वाक्य सुधारतं आणि अ‍ॅप बंद पडतं. निर्णय घ्यायचा असेल तर आउटपुट पॅरामीटर किंवा रिटर्न व्हॅल्यू घ्या, संदेश लॉगसाठी आणि माणसाला दाखवण्यासाठी ठेवा. दाखवतानाही मजकूर एचटीएमएल-एन्कोड करा, कारण त्यात खातेदाराने भरलेलं नाव असू शकतं. सर्व्हरच्या मूळ चुकीच्या मजकुरात टेबलांची आणि कॉलमांची नावं असतात, तो लॉगमध्ये जाऊ द्या आणि पडद्यावर फक्त तुम्ही स्वतः लिहिलेले संदेश येऊ द्या.