माहितीपत्रकात ३२ जीबी, प्रत्यक्षात १६: जॉब शीटवर सही करण्यापूर्वी हे वाचा

आपल्या मंचावर देवगडच्या एका सदस्यांनी लिहिले आहे की त्यांच्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात कमाल ३२ जीबी मेमरी असा उल्लेख असूनही १६ जीबीच्या दोन रॅम (मेमरीच्या पट्ट्या) एकत्र बसवल्या की यंत्र सुरूच होत नाही, आणि सेवाकेंद्र सगळा दोष बाहेरून घेतलेल्या रॅमवर टाकते. रत्नागिरीत घरांचे नकाशे काढण्याच्या माझ्या व्यवसायात मी हाच त्रास भोगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. बायोस (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारी, बोर्डवरची मूळ प्रणाली) अद्ययावत करणे आणि दोन्ही रॅम एकेकट्या दोन्ही स्लॉटमध्ये लावून पाहणे हे तुम्ही केले असेलच, असे धरून चालतो.

छापलेला आकडा कंपनीने पाळलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आज ८ जीबीचे यंत्र घेणारा माणूस पुढे मेमरी वाढवता येईल या भरवशावरच जास्त किंमत मोजतो. प्रोसेसरच्या पानावर ६४ जीबी लिहिलेले असले, तरी त्या विशिष्ट लॅपटॉपमध्ये किती चालेल हे मदरबोर्डच्या आखणीवर आणि बायोसवरही अवलंबून असते, आणि त्या दोन्ही गोष्टी लॅपटॉप बनवणाऱ्याच्या हातात असतात. तेव्हा तेवढ्या क्षमतेच्या रॅम बसवून पाहिल्याशिवाय त्याने आकडा छापूच नये. पेटीवर पाच डझन लिहून आत चार डझन आंबे भरले, तर ‘पेटीत दोष नाही’ हे उत्तर आपल्याकडे कोणीही ऐकून घेणार नाही.

माझे सर्वाधिक नुकसान मात्र जॉब शीटवरच्या, म्हणजे यंत्र दुरुस्तीला देताना सेवाकेंद्र भरते त्या नोंदपत्रावरच्या, एका ओळीने केले. सेवाकेंद्राने यंत्र कोल्हापूरला पाठवले, तिथे मुळात आलेल्या एकाच रॅमवर ते चालवून पाहिले आणि ‘दोष आढळला नाही, ग्राहकाची रॅम विसंगत’ असा शेरा मारून परत केले. दोन्ही रॅम स्वतंत्रपणे व्यवस्थित चालतात, हे मी आधीच सेवाकेंद्राच्या काउंटरवर दाखवून दिले होते, पण त्याची नोंद करण्यास त्यांनी नकार दिला. पुढे कंपनीच्या मुख्य कार्यालयाने प्रत्येक पत्राला त्याच शेऱ्याचा आधार घेऊन उत्तर दिले, आणि दरम्यान संकेतस्थळावरील ३२ चा आकडा गाजावाजा न करता १६ झाला. चूक छापली गेली असेल, तर बायोस सुधारावा, बोर्ड बदलावा किंवा पैसे परत करावेत. पान बदलल्याने आधी झालेली विक्री बदलत नाही. या प्रकाराचा मला आजही तीव्र संताप आहे.

म्हणून तुमची तक्रार जॉब शीटवर तुमच्याच शब्दांत लिहून घ्या: ‘माहितीपत्रकानुसार ३२ जीबी चालावी, दोन्ही रॅम एकत्र चालत नाहीत, स्वतंत्रपणे चालतात.’ ते लिहून देत नसतील, तर तोच मजकूर तिथूनच ईमेलने पाठवा आणि मगच यंत्र ताब्यात द्या. कंपनीच्या संकेतस्थळाचे खरेदीच्या काळातील पान वेबॅक मशीनवर (संकेतस्थळांची जुनी रूपे जतन करणारे संकेतस्थळ) जतन झालेले आहे का, ते पाहा. खोक्यावरील लेबल आणि दुकानदाराने दिलेले पत्रक फेकू नका.

मी वकील नाही, त्यामुळे पुढील भाग जाणकाराकडून तपासून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील दोषाच्या व्याख्येत विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याच्या तुलनेत वस्तूत असलेली उणीवही येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षे आहे आणि वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, असे मी सुचवेन. यंत्र व्यवसायासाठी घेतले असेल, तर कंपनी तुम्ही ग्राहकच नाही असा मुद्दा काढू शकते. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूला मात्र कायद्यात सूट आहे.

याच न्यायाने कंपनीवर भलता आरोपही करू नये. ३२-बिट विंडोजमध्ये ४ जीबीपैकी काही भाग वापरता येत नाही, अंतर्गत ग्राफिक्स थोडी मेमरी राखून ठेवते, आणि ३२०० वेगाची रॅम जुन्या प्रोसेसरवर २६६६ किंवा २४०० वेगानेच चालते. यांपैकी कशानेही वचनभंग होत नाही. मात्र ‘कमाल’ या शब्दाशेजारी तारांकन करून तळटीपेत तोच आकडा फिरवणे मला मान्य नाही. तळटीप अट सांगू शकते, आकडा खोटा पाडू शकत नाही.

ओघात एक सूचना: आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर थर बसतो. यंत्र बंद करून, शक्य असल्यास बॅटरी सोडवून, त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, म्हणजे ‘गंज आहे’ हे कारण सेवाकेंद्राला उरणार नाही. खोडरबराने घासणे मला पसंत नाही, कारण त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो.

तुमच्या जॉब शीटवर नेमका कोणता शेरा आहे आणि दोन्ही रॅमच्या लेबलांवर 1Rx8 आहे की 2Rx8 (पट्टीवरील चिपांची मांडणी सांगणारी खूण), एवढे कळवा. त्यावरून कंपनीला पाठवायच्या पत्राचा मसुदा करून देईन.