राइज (उभी उंची) आणि रन (आडवं अंतर) फूट-इंचात आहेत, ११ फूट ६ इंच मी ११.६ असं टाकतो, एक्सेलमध्ये तिरकी लांबी काढली की उत्तर चुकतं, असं का?

फॉर्म्युला तुमचा बरोबरच आहे हो, शाळेतला पायथागोरस, रनचा वर्ग अधिक राइजचा वर्ग आणि त्याचं वर्गमूळ. रन ए२ मध्ये, राइज बी२ मध्ये असेल तर =एसक्यूआरटी(ए२^२+बी२^२), बास (इथे देवनागरीत लिहिलंय, शीटमध्ये इंग्रजी अक्षरंच टाका). ३ आणि ४ टाकून बघा, ५ येणारच.

घोळ आहे तो माप टाकण्यात. तुम्ही ११ फूट ६ इंच हे ११.६ असं टाकलंय, आणि शीट त्याला ११ फूट ७.२ इंच समजतंय कारण .६ फूट म्हणजे ७.२ इंच होतात. ११ फूट ६ इंच म्हणजे ११.५. आणि १० इंच, ११ इंच असलं काही आलं की पॉइंटवाली पद्धत पारच झोपते, ११.१० टाकलं की ते ११.१ होऊन बसतं.

म्हणून फूट आणि इंच वेगवेगळ्या कॉलमात घ्या. रनचे फूट ए, इंच बी, राइजचे फूट सी, इंच डी. मग ई२ मध्ये =ए२*१२+बी२, एफ२ मध्ये =सी२*१२+डी२, आणि जी२ मध्ये वरचाच फॉर्म्युला पण ई२ आणि एफ२ वर. रन ११ फूट ६ इंच, राइज ४ फूट ९ इंच धरा, म्हणजे १३८ आणि ५७, तिरकी लांबी येते १४९.३१ इंच.

आता हे परत फूट-इंचात आणायचं तर आधी राउंड करा, मग फोड करा, हा क्रम उलटा करू नका. टेपवर १/८ इंचापर्यंत वाचायचं असेल तर एच२ मध्ये =राउंड(जी२*८,०)/८, मग फुटांसाठी =इंट(एच२/१२) आणि उरलेल्या इंचांसाठी =मॉड(एच२,१२). वरच्या उदाहरणात १२ फूट ५ १/४ इंच येईल. आधी फोड करून मग राउंड केलं की ९५.९७ इंचाचे "७ फूट १२ इंच" होतात, आणि असली शीट मी बऱ्याच जणांची बघितलीय, कोणाच्या लक्षातच येत नाही. इंचाच्या सेलला फॉरमॅट सेल्समध्ये फ्रॅक्शन, त्यात अ‍ॅज एट्थ्स दिलंत की ५.२५ ऐवजी ५ २/८ दिसतं, दिसायला विचित्र पण टेपवर मोजायला सोपं.

कोन पण हवा असेल तर =डिग्रीज(एटॅन(एफ२/ई२)), इथे २२.४ अंशांच्या आसपास येतो.

आणि हो, हे दोन्हीकडे उतार असलेल्या छतासाठी करत असाल तर रन म्हणजे पूर्ण रुंदी नाही, मधल्या आढ्यापर्यंतची अर्धी. भिंतीच्या बाहेर येणारा भाग असेल तर तेवढं रनमध्ये मिळवा आणि त्याच उतारानं राइजही वाढवा, नुसता रन वाढवला तर उतारच बदलतो.