फ्रँकीची बंदी, फ्रँकीचा खप

प्रश्न : ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’ या बँडच्या ‘वेलकम टू द प्लेझरडोम’ या अल्बमवर बीबीसीने बंदी घातली होती म्हणे. तरी ब्रिटनमध्ये तो इतका खपला आणि अमेरिकेत नाही, असं का? आणि बँडने तो स्वतः वाजवलाच नाही, हे खरं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : बंदी अल्बमवर नव्हती, त्यातल्या ‘रिलॅक्स’ या गाण्यावर होती. जानेवारी १९८४ मध्ये बीबीसीच्या ‘रेडिओ वन’ वाहिनीवरचा निवेदक माइक रीडने ते अश्लील ठरवलं आणि पाठोपाठ बीबीसीने ते बंदच केलं. तेव्हा ते ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत सहाव्या क्रमांकावर होतं. महिना संपायच्या आत पहिलं आलं आणि पाच आठवडे तिथून हललं नाही. यादीतली गाणी दाखवणाऱ्या बीबीसीच्याच ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमाची पंचाईत झाली. देशातलं अव्वल गाणं दाखवायची सोय नाही, म्हणून बँडचा फोटो दाखवून दुसरंच गाणं लावायचे.

पण सगळं श्रेय बंदीला द्यायला मी तयार नाही. याच अल्बममधल्या ‘टू ट्राइब्स’ या गाण्याची बारा इंची तबकडी मिळवून ऐका. आधी हवाई हल्ल्याचा भोंगा, मग पॅट्रिक ॲलनचा थंड आवाज. अणुहल्ल्यात काय करावं हे सांगणाऱ्या सरकारी फिल्म्सना ज्याचा आवाज होता, तोच हा माणूस! आणि त्याखालून ठेका सुरू होतो. १९८३ च्या अखेरीस अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं ब्रिटनमध्ये येऊन दाखल झाली होती, तेव्हा ही भीती घराघरातली होती. गाणं नऊ आठवडे पहिलं राहिलं आणि त्याच काळात ‘रिलॅक्स’ पुन्हा चढून दुसऱ्या क्रमांकावर आलं.

पश्चिम जर्मनीतही ‘रिलॅक्स’ पहिलं आलं. अमेरिकेत मात्र आधी ६७ वर अडकलं, १९८५ मध्ये जेमतेम दहावं आलं. अल्बम ३३ वर थांबला. माझ्या मते तिथे एका बंदीने देशभर गाजावाजा व्हावा असं एकच मोठं रेडिओ केंद्र नव्हतं, आणि क्षेपणास्त्रांची धास्तीही ब्रिटनसारखी अंगणात आलेली नव्हती.

आता वाजवण्याचं. निर्माता ट्रेव्हर हॉर्नने ‘रिलॅक्स’ फेअरलाइट हा आवाज साठवून वाजवणारा संगणक आणि बाहेरचे वादक घेऊन पुन्हा उभं केलं. त्यात बँडपैकी गळा फक्त हॉली जॉन्सनचा. बाकीच्यांचा वाटा म्हणजे पोहण्याच्या तलावात उड्या मारल्याचा आवाज! तरीही या लिव्हरपूलच्या पोरांना कोणी तोतये म्हणालं की मला राग येतो. ‘रिलॅक्स’ रचलं जॉन्सन, पीटर गिल आणि मार्क ओ’टूल यांनीच. हॉर्नने ते आधी टीव्हीवर त्यांच्याकडूनच ऐकलं होतं. ‘टू ट्राइब्स’ तर त्यांनी १९८२ मध्येच जॉन पीलच्या रेडिओ कार्यक्रमासाठी स्वतः वाजवलं होतं. हॉर्नने त्या कच्च्या गाण्यांना भव्यता दिली, हे निर्विवाद. पण गाणी होती म्हणून ती देता आली.

अल्बम ऐकायला घ्याल तेव्हा तेरा मिनिटांहून लांब शीर्षकगीत मध्ये न थांबवता ऐका, आणि ‘द पॉवर ऑफ लव्ह’ वगळू नका. डिसेंबर १९८४ मध्ये तेही पहिलं आलं होतं, आणि त्यात नाचाचा ठेका नाही.