ऑस्ट्रेलियातल्या प्रादेशिक एनआरएम (नैसर्गिक संसाधन व्यवस्थापन) संस्था शेतकऱ्याला ओढ्याकाठी कुंपण घालायची सक्ती करू शकतात का?

नाही, सहसा करू शकत नाहीत. कुंपण घालायचं की नाही हे जमीनमालकच ठरवतो. क्वीन्सलँड आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलियात या संस्था सरकारी खाती नाहीत, स्थानिक लोकांच्या मंडळांनी चालवलेल्या ना-नफा संस्था आहेत. त्यामुळे त्यांचं काम करारावर चालतं. संस्था कुंपणाच्या साहित्याचा काही खर्च उचलते, गुरांसाठी ओढ्यापासून दूर पाण्याचं कुंड बसवायला आणि काठावर स्थानिक झाडं लावायला मदत करते. शेतकरी श्रम, उरलेला खर्च आणि पुढची देखभाल सांभाळतो. गुरं थेट ओढ्यात उतरली की खुरांनी काठ ढासळतो आणि शेण-माती पाण्यात जाते, म्हणून एवढा आटापिटा. माझ्या मते हीच पद्धत टिकते, कारण कुंपणाची तुटलेली तार जोडायला शेवटी शेतकरीच जातो. मुळात १९८६ मध्ये व्हिक्टोरियात सुरू झालेली लँडकेअर ही जमीन जपण्याची चळवळही शेजारी शेतकऱ्यांच्या गटांवरच उभी राहिली.

मात्र प्रत्येक राज्यात रचना वेगळी आहे, हे बघून घ्या. व्हिक्टोरियातली पाणलोट व्यवस्थापन प्राधिकरणं कायद्याने स्थापन झालेली आहेत. तिथे ओढ्याच्या पात्रात काही बांधायचं तर आधी परवाना लागतो. न्यू साउथ वेल्समधली लोकल लँड सर्व्हिसेस तर सरकारी यंत्रणाच आहे. ती जमीनमालकांकडून कर घेते आणि उपद्रवी प्राण्यांच्या बंदोबस्ताबाबत तिला कायदेशीर अधिकारही आहेत.