१५ ऑगस्ट १९४७ आणि पहिल्या २६ जानेवारीच्या दिल्लीच्या खऱ्या न्यूजरील कुठे बघायला मिळतील?

यूट्यूबवर ब्रिटिश पाथे या जुन्या न्यूजरील (बातमीपट) कंपनीचं चॅनल बघा, २०१४ ला त्यांनी ८५ हजार फिल्म्स टाकल्यात, त्यात दिल्लीचंही सापडतं. आपलं सरकारी बातमीपट काढणारं फिल्म्स डिव्हिजन १९४८ ला सुरू झालं, त्यामुळे ४७ चं शूटिंग त्यांचं नाहीच. आणि व्हॉट्सॲपवर 'पहिली परेड' म्हणून राजपथ (आत्ताचा कर्तव्य पथ) दाखवला की समजायचं गंडवलंय, १९५० ची परेड आयर्विन स्टेडियमला झाली होती, आत्ताचं ध्यानचंद. निवेदन, म्युझिक बहुतेक वेळा नंतर चढवलेलं असायचं, टाळ्यांवरून गर्दीचा मूड ठरवू नका. नाशकात जुन्या लोकांना विचारा, टॉकीजला पिक्चरआधी न्यूजरील दाखवणं कंपल्सरी असायचं, फाळक्यांच्या गावात पण अर्धं पब्लिक तेवढ्यात बाहेर चहा मारायचं.