काकांच्या पत्रात ‘इनव्हॅलिड’ लिहू का?

प्रश्न असा आहे : काकांना तीन वर्षांपूर्वी लकवा मारला, उजवी बाजू गेली. मुंबईच्या एका ट्रस्टला मदतीसाठी इंग्रजीत पत्र पाठवायचं आहे. डिसेबल्ड, हँडिकॅप्ड, इनव्हॅलिड, सिक, इल यातलं काय लिहू?

मी इंग्रजीचा मास्तर नाही. यवतमाळ जिल्ह्यात तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. हे शब्द मी चुका करत करत शिकलो.

सगळ्यात मोठी चूक ‘इनव्हॅलिड’चीच. एका शिपायाला आजारपणामुळे मुदतीआधी नोकरी सोडावी लागली होती. त्याची बायको कागद घेऊन आली, त्यावर ‘इनव्हॅलिड पेन्शन’ असं छापलेलं. दिवसभर स्क्रीनवर लाल अक्षरात ‘इनव्हॅलिड’ पाहून माझे डोळे तसेच झालेले. मी बिनधास्त सांगून टाकलं, पेन्शन रद्द झाली काकू. बाई पायरीवरच बसली. “म्हंजे आता काईच नाई भेटत का, भाऊ?” नशीब, रांगेत एक रिटायर्ड हेडक्लार्क उभे होते. त्यांनी कागद पाहिला आणि चारचौघांत माझी चांगलीच काढली. नियमात हा पेन्शनचा एक प्रकारच आहे, मराठीत रुग्णता निवृत्तिवेतन. शब्द एकच, लॅटिनमधून आलेला, मूळ अर्थ ‘बळ नसलेला’. सुरुवातीच्या ‘इन’वर जोर दिला तर आजाराने खंगलेला माणूस, ‘व्हॅ’वर जोर दिला तर बाद झालेला कागद. कागदावर जोर दिसत नाही, ही खरी पंचाईत. तेव्हा माणसासाठी हा शब्द तुम्ही वापरूच नका. काका काही बाद झालेले नाहीत.

‘हँडिकॅप्ड’ आपल्याकडे एसटीच्या सीटपासून बँकेच्या फॉर्मपर्यंत सगळीकडे होता. हातात टोपी घेऊन भीक मागण्यावरून तो आला असं बरेच जण सांगतात, पण ते खोटं आहे. टोपीत हात घालून खेळायच्या एका जुन्या अदलाबदलीच्या खेळाचं ते नाव, तिथून ते घोड्यांच्या शर्यतीत गेलं. तिथं तगड्या घोड्यावर जास्तीचं वजन लादत, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. शंकरपटात, म्हणजे आपल्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोरदार जोडी हाकणाऱ्या धुरकरीला पाठीवर पोतं घेऊन बसवावं, तसं समजा. मूळ वाईट नाही, पण आता इंग्रजी बोलणाऱ्यांना तो शब्द खटकतो. ‘क्रिपल्ड’ आणि ‘लेम’ त्याहून वाईट. ‘डंब’ म्हणजे मुका, पण आता त्याचा अर्थच बावळट असा झालाय, तरी जुन्या पाट्यांवर ‘डेफ अँड डंब’ अजून दिसतं.

‘सिक’ आणि ‘इल’ हे बिमारीचे शब्द, अपंगत्वाचे नाहीत. बिमार पोरगं म्हणजे ‘सिक चाइल्ड’, ‘इल चाइल्ड’ कानाला बरं लागत नाही. पण ‘द चाइल्ड इज इल’ चालतं. आणि आपल्या भागात सांगावंच लागतं, सिकलसेलमधल्या ‘सिकल’चा ‘सिक’शी काही संबंध नाही. सिकल म्हणजे इळा. त्या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी इळ्यासारख्या वाकतात, म्हणून ते नाव. ज्याच्या रिपोर्टवर ‘एएस’ येतं तो नुसता वाहक, त्याला ‘सिक’ म्हणून लग्न मोडणारे लोक मी पाहिलेत. ‘एसएस’ असेल तर मात्र आजार आहे, आणि 2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यातल्या 21 प्रकारच्या अपंगत्वांत तो धरलाय. 1995 च्या कायद्यात फक्त सात प्रकार होते. याच यादीत ‘लेप्रसी क्युअर्ड’ असंही आहे : कुष्ठरोग बरा झाला, पण बोटं, पाय, डोळे यांचं झालेलं नुकसान राहिलं, असा माणूस. वरोऱ्याचं आनंदवन इथून लांब नाही, तरी ‘लेपर’ लिहून आणणारे अजून येतात. तेवढं मी खोडतोच.

‘अक्यूट’ म्हणजे अचानक उठलेलं, ‘क्रॉनिक’ म्हणजे जुनं, हटून बसलेलं. अक्यूट म्हणजे भारी दुखणं, असं समजू नका. आणि ‘सिरीयस पेशंट’ हे आपलं घरचं इंग्रजी. पत्रात ‘सिरीयसली इल’ लिहावं, तेही काका खरंच तसे असतील तरच. तीन वर्षं घरी असलेल्या माणसाला ते लागू नाही.

तर तुमच्या पत्रात ‘डिसेबल्ड’ लिहा, आणि त्याच्यापुढं काय झालं ते लिहा : ‘माय अंकल हॅड अ स्ट्रोक थ्री इयर्स अगो. ही कॅनॉट यूज हिज राइट आर्म अँड लेग.’ दुसरं वाक्य विशेषणापेक्षा जास्त काम करतं. डॉक्टरच्या कागदावर ‘हेमिप्लेजिया’ असेल, म्हणजे अर्धं अंग गेलेलं, तर तो शब्द जसाच्या तसा उतरवा, स्पेलिंग दोनदा तपासा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, निघालं असेल तर त्यावरची अपंगत्वाची टक्केवारी पण लिहा. बऱ्याच योजनांत 40 टक्क्यांची अट असते, आणि ट्रस्टवाले आधी तोच आकडा विचारतात.